अजाईल कोच : स्वरूप, कार्य आणि अधिवास

अजाईल कोच म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीमने आपले काम आपणच कसे ठरवावे, हे तिला शिकवण्यासाठी बाहेरून नेमलेला माणूस. तो सॉफ्टवेअर लिहीत नाही, तपासत नाही, विकत नाही आणि ते मध्यरात्री बंद पडले तर त्याचा फोन वाजत नाही. तो कोणाचा साहेब नसतो. कोणाची रजा त्याच्याकडून मंजूर होत नाही, कोणाचे अप्रेझल त्याच्या सहीवाचून अडत नाही. तरीही टीमच्या कॅलेंडरवरचे सर्वांत जास्त रंगीत चौकोन त्याच्याच नावाचे असतात.

या पदाची आणखी एक खासियत आहे. कोचने आपली गरज संपवावी, अशी पदाच्या व्याख्येतच अपेक्षा असते. टीम शहाणी झाली की कोच निघाला. कंपनीतल्या दुसऱ्या कोणत्याही पदाच्या जाहिरातीत ही अट आढळत नाही. ती पूर्ण करण्याची घाई मात्र सहसा कोणी करत नाही, कारण कोचच्या घराचे हप्तेही इतरांच्या इतकेच लांब असतात.

पुण्यात ही जमात मुख्यतः हिंजवडी, बाणेर, खराडी आणि मगरपट्टा या भागांत आढळते. ओळखण्याच्या खुणा ठळक आहेत : हातात चार रंगांचे मार्कर, बॅगेत चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे आणि प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देण्याची सवय. ‘हे आधी करू की ते?’ असे विचारले असता ‘टीमला काय वाटतं?’ असे उत्तर आले, तर समोर कोच आहे असे खुशाल समजावे.

उगम

१९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकी तंत्रज्ञाने मोठी सॉफ्टवेअर कशी उभारावीत यावर एक निबंध लिहिला. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग प्रत्यक्ष प्रोग्रॅम, मग तपासणी, अशी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी चौकटींची आकृती त्यात होती. ही रीत जोखमीची आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारी आहे, असेही रॉइसने तिथेच लिहून ठेवले होते. जगभरच्या व्यवस्थापकांनी आकृती उचलली. मजकूर वाचायला बहुधा सवड झाली नाही. पुढची तीस वर्षे सॉफ्टवेअरचा धंदा बव्हंशी त्या आकृतीवर चालला.

या पद्धतीत काम वरून खाली सहज येत असे, पण वाईट बातमी खालून वर जाताना वाटेत बदलत असे. प्रोग्रॅम लिहिणारा म्हणे, ‘हे मार्चपर्यंत होणं शक्य नाही.’ त्याचा टीम लीड वर सांगे, ‘मार्च जरा अवघड आहे.’ प्रोजेक्ट मॅनेजर लिही, ‘मार्चची तारीख आव्हानात्मक असली तरी टीम प्रयत्नशील आहे.’ डिलिव्हरी मॅनेजरच्या स्लाइडवर मार्चपुढे हिरवा ठिपका असे. बाहेरून हिरव्या आणि आतून लाल अशा या अहवालाला आयटीवाले कलिंगड म्हणतात. ते सहसा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात फुटते.

या प्रकाराला वैतागलेले १७ जण ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या दिवसांत अमेरिकेच्या युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ डोंगरावरच्या हॉटेलात जमले. केंट बेक, मार्टिन फाउलर, वॉर्ड कनिंगहॅम, अ‍ॅलिस्टर कॉकबर्न, रॉन जेफ्रीज, केन श्वेबर आणि जेफ सदरलंड ही त्यांतली काही नावे. प्रत्येकाची सॉफ्टवेअर करण्याची स्वतःची पद्धत होती आणि आपलीच बरोबर, याविषयी कोणाच्याही मनात संशय नव्हता. तरीही त्यांनी ‘अजाईल’ या नावाने एक छोटा जाहीरनामा काढला. त्यात ४ मूल्ये होती आणि त्यांच्या सोबतीला १२ तत्त्वे. मथितार्थ असा : प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसे मोठी, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर मोठे, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाची साथ मोठी आणि ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे मोठे. सतरा तज्ज्ञांचे एका पानावर एकमत झाले, ही या क्षेत्रातली आजवरची सर्वांत अद्भुत घटना मानावी लागेल.

या जाहीरनाम्यात कोच कुठेही नाही. तो आला केंट बेकच्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ या पद्धतीतून. १९९६ च्या सुमारास बेकला क्रायस्लर या मोटार कंपनीत पगाराची नवी संगणकप्रणाली करण्यासाठी बोलावले गेले आणि त्या टीमला शिकवण्यासाठी त्याने रॉन जेफ्रीजला आणले. १९९७ साली ही प्रणाली सुमारे १०,००० लोकांचे पगार काढू लागली. २००० साली कंपनीने प्रकल्पच बंद केला. पद्धत मात्र तोपर्यंत पुस्तकरूपाने जगभर पोचली होती. प्रकल्प गेला आणि कोच राहिला, हा या व्यवसायाचा पहिला दाखला. तो शेवटचा ठरला नाही.

दुसरा प्रवाह जपानमार्गे आला. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी १९८६ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये होंडा, कॅनन अशा कंपन्या नवी उत्पादने कशी झपाट्याने काढतात यावर लेख लिहिला आणि त्या टीमना रग्बीच्या संघाची उपमा दिली. १९९३ मध्ये सदरलंडने ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये वापरली, १९९५ मध्ये त्याने आणि श्वेबरने ती एका परिषदेत मांडली, आणि रग्बीवरूनच तिचे नाव पडले स्क्रम. कामाचे जास्तीत जास्त महिन्याभराचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला स्प्रिंट म्हणायचे, रोज १५ मिनिटे भेटायचे, शेवटी काम दाखवायचे आणि आपले काय चुकले ते बोलायचे. बस्स. याची अधिकृत पुस्तिका २०१० साली निघाली. २०२० सालची आवृत्ती पंधरा पानांच्या आत संपते. ती समजावून सांगणाऱ्या पुस्तकांना मात्र आता कपाटे पुरत नाहीत.

भारतातील आगमन

भारतातल्या आयटी कंपन्यांना अजाईलचा साक्षात्कार झाला तो क्लायंटच्या निविदेतून. काम कोणाला द्यायचे हे ठरवताना परदेशी कंपन्या एक प्रश्नावली पाठवतात. तिच्यात एके दिवशी ‘तुम्ही अजाईल आहात काय?’ हा प्रश्न आला. भारतीय कंपनीच्या सेल्स विभागाला कोणत्याही प्रश्नाचे ‘नाही’ हे उत्तर माहीत नसते. उत्तर गेले, काम मिळाले आणि मग आपण जे आहोत म्हणून सांगितले ते होण्यासाठी कोच शोधण्याची धावपळ सुरू झाली.

त्यामुळे हाती आलेला करारही गमतीदार असतो. त्यात काय काय करायचे ते ठरलेले असते, किती पैशांत करायचे ते ठरलेले असते, कोणत्या तारखेला द्यायचे तेही ठरलेले असते, आणि शेवटच्या परिशिष्टात ‘काम अजाईल पद्धतीने केले जाईल’ असे लिहिलेले असते. बदलाला सामोरे जायला मोकळीक असते, फक्त काहीही बदलता येत नाही. कोचला टीमपुढे उभे राहून हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे असे सांगावे लागते. या कामाला मार्कर लागतात ते त्यासाठीच.

इथे आणखी एक स्थानिक अडचण उभी राहते. ‘येथे पत्ता विचारू नये’, ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये’ असे निक्षून सांगणाऱ्या पाट्यांच्या शहरात या टीम बसतात. सोसायटीच्या सभेत चेअरमनला तोंडावर नाही म्हणणारा गृहस्थ कॉलवर क्लायंटपुढे मात्र ‘शुअर, वुई विल ट्राय’ म्हणतो. अमेरिकेतल्या व्हाइस प्रेसिडेंटला तो पहिल्या नावाने हाक मारतो आणि शेजारच्या केबिनमधल्या मॅनेजरला ‘सर’ म्हणतो. सरांनी ‘होईल ना?’ असे विचारले की त्याचे एकच उत्तर व्याकरणात बसते. स्नोबर्डच्या सतरा जणांनी प्रक्रिया, कागद, करार आणि योजना या चार शत्रूंचा बंदोबस्त केला होता. ‘होईल सर’ त्यांच्या ऐकण्यात आलेले नव्हते.

पदव्या आणि पोटजाती

कोच होण्यासाठी ठरावीक शिक्षण नाही, पण प्रमाणपत्रे भरपूर आहेत. पहिली पायरी बहुधा स्क्रम मास्टरच्या प्रमाणपत्राची. त्याचा वर्ग साधारण दोन दिवसांचा असतो आणि त्यानंतरच्या परीक्षेत ५० पैकी ३७ प्रश्न बरोबर आले की माणूस मास्टर होतो. दोन दिवसांत मास्टर होण्याची सोय संगीत, पाककला किंवा गवंडीकाम यांत अजून झालेली नाही. दर दोन वर्षांनी फी भरून हे मास्टरपण ताजे करून घ्यावे लागते. मोठ्या कंपन्यांसाठी डीन लेफिंगवेल यांची ‘सेफ’ नावाची वेगळी व्यवस्था २०११ पासून आहे. तिचा सगळा पसारा दाखवणारा तक्ता एका भिंतीवर मावतो, पण एका डोक्यात मावेलच असे नाही. अनुभवी कोचच्या नावामागे इतकी आद्याक्षरे जमतात की ईमेलमधली त्याची सही मजकुरापेक्षा लांब होते.

कोचच्या तीन पोटजाती आढळतात. पहिली आणि सर्वांत मोठी जात पूर्वाश्रमीच्या प्रोजेक्ट मॅनेजरांची. नव्या रचनेत प्रोजेक्ट मॅनेजर हे पद उरले नाही, तेव्हा ती मंडळी एका शनिवार-रविवारात कोच झाली. शुक्रवारपर्यंत जो ‘कधी होणार?’ असे विचारत होता, तो सोमवारी ‘तुम्हांला कधी होईल असं वाटतं?’ असे विचारू लागला. टीमच्या कानाला दोन्ही वाक्ये सारखीच लागतात.

दुसरी जात तत्त्वज्ञांची. यांना टीमचे काम काय आहे हे जाणून घेण्यात रस नसतो, कारण तत्त्वे सर्वत्र सारखीच असतात. टीम विम्याचे दावे हाताळते की विमानाची तिकिटे, याने त्यांच्या स्लाइडमध्ये फरक पडत नाही. काही बिनसले की त्यांचे निदान तयार असते : ‘तुम्ही अजाईल करता, पण तुम्ही अजाईल नाही.’ या निदानावर औषध नाही, त्यामुळे उपचार कितीही काळ चालू शकतात. वेग या विषयावरचे त्यांचे सत्र सकाळी दहाला असते. सगळे वाकडच्या पुलाखाली अडकल्यामुळे ते पावणेअकराला सुरू होते.

तिसरी जात दुर्मीळ. हे लोक वर्षानुवर्षे स्वतः प्रोग्रॅम लिहून, रात्री-अपरात्री बंद पडलेले सॉफ्टवेअर सावरून मग कोच झालेले असतात. ते कमी बोलतात, मीटिंगा रद्द करतात, आणि त्यांच्याकडे रंगीत चिठ्ठ्या नसल्यामुळे व्यवस्थापनाला ते काम करत आहेत असे वाटत नाही. त्यांचे कॉन्ट्रॅक्ट सर्वांत आधी संपते.

रोजची सभा

कोचच्या कामाचा रोजचा भाग म्हणजे स्टँड-अप. सगळ्यांनी उभे राहायचे, म्हणजे पाय दुखतात आणि बोलणे आवरते. मर्यादा १५ मिनिटांची. ही सभा टीमने एकमेकांशी बोलण्यासाठी आहे, वरच्याला हजेरी देण्यासाठी नाही, हे कोच पहिल्या दिवशी सांगतो. काल काय केले, आज काय करणार, अडचण काय, हे तीन ठरीव प्रश्न पुस्तिकेच्या २०२० च्या आवृत्तीतून काढूनही टाकले आहेत. पुण्यातल्या टीमपर्यंत ही बातमी पोचली आहे, पण प्रश्न गेले नाहीत. प्रत्येक जण ते मनात धरून, लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाकडे बघत उत्तरे देतो.

क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर त्याच्या सकाळच्या ९ वाजताचा स्टँड-अप हिंजवडीत संध्याकाळी साडेसहाला होतो. मार्च ते नोव्हेंबर हे गणित चालते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची घड्याळे मागे सरकली की हिंजवडीचा स्टँड-अप साडेसातवर जातो आणि सातची कॅब चुकते. बदलाला सामोरे जाणे या मूल्याचा टीमला येणारा हा सर्वांत नियमित अनुभव.

अशा सभेतला एक संवाद जवळून पाहण्यासारखा असतो.

‘काल क्लेमच्या स्क्रीनवर काम केलं. आजपण तेच. ब्लॉकर नाही.’

‘परवा पण हेच होतं ना?’ कोच विचारतो.

‘हो. टेस्टिंग बाकी आहे.’

‘का बाकी आहे?’

‘टेस्ट सर्व्हर बंद आहे.’

‘कधीपासून?’

‘गुरुवारपासून.’

‘मग हा ब्लॉकर नाही का?’

‘ब्लॉकर असा नाही, सर. बंद आहे फक्त.’

हा प्रोग्रॅमर खोटे बोलत नसतो. त्याच्या अनुभवात अडचण सांगणे म्हणजे तक्रार करणे, तक्रार करणे म्हणजे सर्व्हरवाल्या टीमच्या मॅनेजरचा कोणावर तरी रोष ओढवणे, आणि तो रोष शेवटी अप्रेझलच्या कोणत्या रकान्यात उतरेल ते सांगता येत नाही. त्यापेक्षा सर्व्हर आपणहून सुरू होण्याची वाट पाहणे शहाणपणाचे. कोच या वेळी जे करतो तेच त्याच्या नोकरीचे खरे काम. तो लॅपटॉप मिटून त्या मुलाला घेऊन दोन मजले खाली सर्व्हरवाल्यांकडे जातो. सर्व्हर वीस मिनिटांत सुरू होतो, कारण तो बंद आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

अंदाज

दर स्प्रिंटच्या आधी कोणते काम किती मोठे, याचा अंदाज बांधावा लागतो. त्यासाठी प्लॅनिंग पोकर हा पत्त्यांचा खेळ आहे. तो २००२ साली जेम्स ग्रेनिंग यांनी सुचवला आणि माइक कोन यांनी लोकप्रिय केला. ग्रेनिंग स्नोबर्डच्या सतरांपैकीच एक. पत्त्यांवर आकडे असतात १, २, ३, ५, ८, १३ असे. मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा, ही साखळी इटलीच्या फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळे त्याच्या नावाने ओळखली जाते. लघु-गुरू मात्रांच्या किती रचना होतात हे मोजताना आपल्याकडच्या छंदशास्त्रकारांना ती आधीच सापडली होती. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ती सांगितली आहे. त्यामुळे विम्याच्या स्क्रीनचा अंदाज चुकतो तो परक्या गणितामुळे, असे म्हणण्याची सोय नाही. १३ नंतर साखळीत २१ येतात, पण पत्त्यावर २० छापलेले असतात, कारण २१ म्हटले की अंदाज फारच अचूक असल्याचा भास होतो. ४० आणि १०० चे पत्तेही असतात. शेवटच्या पत्त्यावर कॉफीचा कप असतो, त्याचा अर्थ आता पुरे. सर्वांत जास्त एकमत होते ते त्याच पत्त्यावर.

पत्ते पालथे ठेवून सर्वांनी एकदम उघडायचे, हा खेळाचा गाभा. वरिष्ठाचा आकडा कळण्याआधी कनिष्ठाचा आकडा बाहेर यावा, म्हणून ही युक्ती. पुण्यात तिच्यावर साधा उतारा आहे. पत्ते वाटताना टीम लीड पुटपुटतो, ‘सोपं आहे हे. मागे केलंय आपण.’ पत्ते उघडल्यावर सात जणांचे ३ निघतात. कधी तरी जूनमध्ये रुजू झालेल्या मुलीचा १३ निघतो आणि सगळे तिच्याकडे सहानुभूतीने बघतात. ती ३ चा पत्ता शोधू लागते. तेवढ्यात कोच म्हणतो, ‘थांब. तेरा का?’ मग कळते की जुना प्रोग्रॅम आतून उघडून बघितलेली ती एकटीच आहे, आणि त्यात तीन ठिकाणी जे लिहून ठेवले आहे ते का लिहिले हे सांगणारा माणूस दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. पुन्हा पत्ते टाकल्यावर आकडे वर सरकतात. हा खेळ आकड्यांसाठी नसून या दोन मिनिटांसाठी आहे, हे ज्या कोचला माहीत असते त्याचा पगार वसूल होतो.

पुढची अडचण एक्सेलची. अंदाजाच्या एककाला स्टोरी पॉइंट म्हणतात आणि तो वेळ नव्हे, हे कोच शपथेवर सांगतो. मॅनेजर मान डोलावतो आणि पत्रकात एक रकाना घालतो : १ पॉइंट बरोबर ८ तास. त्यानंतर टीमने स्प्रिंटमध्ये किती पॉइंट संपवले याला वेग मानून दोन टीमच्या वेगांची तुलना सुरू होते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम सांगितला जातो. त्याचे बीज १९७५ सालच्या त्यांच्या निबंधात आहे. जे माप उद्दिष्ट बनते ते माप म्हणून निरुपयोगी होते, असा त्याचा आशय. हिंजवडीत त्याची प्रचीती दोन स्प्रिंटमध्ये येते. ज्या कामाला मार्चमध्ये ३ पॉइंट होते त्याला मेमध्ये ८ लागतात, टीमचा वेग अडीचपटीहून जास्त होतो, व्हाइस प्रेसिडेंट अभिनंदनाची मेल पाठवतात आणि क्लेमची स्क्रीन होती तिथेच राहते. स्टोरी पॉइंट बहुधा आपणच काढले असावेत आणि तसे असेल तर त्याचा खेद वाटतो, अशी कबुली रॉन जेफ्रीज यांनी पुढे लेखी दिली आहे. तिचे भाषांतर अजून एक्सेलमध्ये झालेले नाही.

रेट्रो

स्प्रिंटच्या शेवटी होणाऱ्या आत्मपरीक्षणाच्या सभेला रेट्रो म्हणतात. नॉर्म कर्थ यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात या सभेसाठी मूलभूत दंडक घालून दिला : त्या वेळी जेवढे माहीत होते आणि जेवढे हाताशी होते त्यात प्रत्येकाने आपल्या परीने चांगलेच काम केले, हे धरून चालायचे. म्हणजे कोणाचे चुकले यावर न भांडता काय चुकले यावर बोलता येते. कोच हा दंडक वाचून दाखवतो. वाचन चालू असताना प्रत्येक जण मनात एकेका अपवादाचे नाव घेत असतो.

मग फळ्यावर शिडाची होडी काढली जाते. वारा म्हणजे पुढे नेणाऱ्या गोष्टी, नांगर म्हणजे अडवणाऱ्या. सर्वांना पिवळ्या चिठ्ठ्या आणि पाच मिनिटे मिळतात. कोणत्याही टीमच्या कोणत्याही रेट्रोत ‘कम्युनिकेशन सुधारायला हवे’ ही चिठ्ठी निघतेच. कोणाचे, कोणाशी आणि कशाविषयी, हे चिठ्ठीत नसते. दुसरी चिठ्ठी टीम आउटिंगची, तिसरी कॉफी मशीनची. चिठ्ठीवर नाव घालायचे नसते, पण अक्षर कोणाचे ते सगळ्यांना कळते. ऑनलाइन फळ्यावर अक्षर दिसत नाही, तिथे स्पेलिंगवरून ओळखतात.

रेट्रोचे यश होडीवर नसून एका खुर्चीवर अवलंबून असते. तिच्यात मॅनेजर बसलेला असतो. ‘मी फक्त ऐकायला आलोय, तुम्ही अगदी मोकळेपणानं बोला,’ असे तो म्हणतो आणि खोलीतला मोकळेपणा तिथेच संपतो. त्याला न दुखावता बाहेर काढणे ही कोचच्या कसबाची परीक्षा. कच्चे कोच तत्त्वे सांगतात, त्यावर मॅनेजर आपलीही तत्त्वे सांगतो. मुरलेला कोच बरोबर त्याच वेळी डिलिव्हरी हेडबरोबर त्याचा कॉल ठरवून ठेवतो. दार लागल्यावर पहिली दोन मिनिटे कोणीच बोलत नाही. मग कोणी तरी विचारते, ‘रिलीजची तारीख क्लायंटला कोणी दिली?’ आणि होडी पाण्यात उतरते.

यातून निघालेल्या कामांची यादी होते. कॉफी मशीन पुढच्या महिन्यात बदलते. तारीख कोणी दिली याचा शोध पुढच्या रेट्रोवर जातो.

मोजमाप आणि निवृत्ती

कोचवर खर्च होतो, त्यामुळे त्याचा उपयोग मोजावा लागतो. त्यासाठी टीमच्या परिपक्वतेचा तक्ता असतो आणि तो टीमच भरते. पहिल्या तिमाहीत ज्यांनी प्रामाणिकपणे लाल रंग भरला, त्यांच्या वाट्याला सुधारणेच्या जादा मीटिंगा आल्या. हे पाहून दुसऱ्या तिमाहीत सगळ्या टीम पिवळ्या झाल्या आणि चौथ्या तिमाहीत हिरव्या. ज्या कलिंगडांचा बीमोड करायला कोच आला, त्यांची लागवड आता त्याच्याच तक्त्यात होऊ लागते.

काही कंपन्या रचनाच बदलून पाहतात. २०१२ साली हेन्रिक क्निबर्ग आणि अँडर्स इवार्सन यांनी स्पॉटिफायमध्ये टीमची मांडणी कशी आहे यावर एक टिपण प्रसिद्ध केले. तिथे टीमला स्क्वॉड आणि टीमच्या समूहाला ट्राइब म्हणत. अनेक ठिकाणी लगोलग पाट्या बदलल्या आणि डिलिव्हरी मॅनेजर ट्राइब लीड झाले. त्यांना ‘सर’ म्हणणे चालूच राहिले.

मूळ मंडळींचा उत्साह मात्र ओसरत गेला. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या डेव्ह थॉमस यांनी २०१४ साली ‘अजाईल’ हा शब्दच आता निवृत्त करावा असे लिहिले. २०१८ साली मार्टिन फाउलर यांनी, टीमवर बाहेरून पद्धती लादणाऱ्या अजाईलच्या कारखानदारीवर जाहीर भाषणात टीका केली. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॅपिटल वन या बँकेने अजाईलशी संबंधित ११०० हून अधिक पदे एकदम रद्द केली. हे काम आता इंजिनिअरांच्या नेहमीच्या कामातच सामावून घेता येईल, असे बँकेचे म्हणणे होते. कोचने आपली गरज संपवायची ही पदाची व्याख्या धरली, तर एका दिवसात ११०० जण पूर्ण यशस्वी झाले. हा विक्रम साजरा झाल्याचे ऐकिवात नाही.

कोच गेल्यावर टीममध्ये काय उरते, हे तो कोणत्या जातीचा होता यावर ठरते. बहुतेक ठिकाणी स्टँड-अप उरतो. तो आता बसून होतो आणि पाऊण तास चालतो. काही ठिकाणी याखेरीज आणखी एक फरक पडलेला दिसतो. पूर्वी रिलीजची तारीख चुकणार हे क्लायंटला आदल्या रात्री कळत असे, आता तीन आठवडे आधी कळते. तारीख दोन्ही वेळी चुकते, कारण काम जेवढे आहे तेवढेच राहते आणि ते करणारी माणसेही तीच असतात. पण तीन आठवडे आधी कळले तर क्लायंटला जाहिरात पुढे ढकलता येते, टीमला दोन स्क्रीन वगळून उरलेले नीट करता येते आणि शेवटचे तीन शनिवार घरी जेवता येते. कोच कामाचा वेग वाढवत नाही, वाईट बातमीचा वाढवतो. परिपक्वतेच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.